ताबा सूचना आणि भंडाऱ्याचा घरबाजार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बँकांच्या ‘ताबा सूचना’ आणि ‘ई-लिलाव’ यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात लागोपाठ दिसू लागल्या की भंडारा, तुमसर, साकोलीसारख्या गावांत दोन निष्कर्ष झटकन काढले जातात. पहिला, घरांचे भाव आता बसणार. दुसरा, गाठीशी थोडा पैसा असेल तर स्वस्तात घर पदरात पाडून घ्यायची हीच वेळ. दोन्ही निष्कर्षांमागे एकच गृहीतक आहे : जप्तीचा आकडा हे घरबाजाराचे मोजमाप. २००८ च्या अमेरिकेत या गृहीतकाला आधार होता. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ते टिकत नाही. इथे थकलेले कर्ज, जप्त झालेले घर आणि घराचा बाजारभाव या तीन गोष्टी तीन वेगळ्या कारणांनी हलतात. त्यांची गल्लत झाली की कर्जदार गरजेपेक्षा लवकर हात टेकतो आणि खरेदीदार गरजेपेक्षा लवकर हात पुढे करतो. नुकसान दोघांचेही होते.

गैरसमज १ : जाहिराती वाढल्या, म्हणजे घरांचे भाव कोसळले

जाहिरातींची संख्या आणि जप्त घरांची संख्या एक नसते, हे आधी लक्षात घ्यावे. बँका ज्या कायद्याने तारण मालमत्तेवर कारवाई करतात तो २००२ चा सरफेसी कायदा. त्याखालच्या नियमांनुसार ताबा घेतल्यावर सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते. विक्रीची सूचनाही तशीच छापावी लागते. कर्जदाराने मागणी नोटीस स्वीकारली नाही तर तीही वर्तमानपत्रात येते, आणि पहिल्या लिलावात बोली आली नाही की पुढच्या लिलावाची जाहिरात पुन्हा येते. म्हणजे एकच घर वर्षभरात चार-पाच वेळा वाचकांपुढे येऊ शकते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नोटिशीत घराचे वर्णन असले, तरी कर्ज घरासाठीच घेतलेले असते असे नाही. राइस मिलचे खेळते भांडवल, दुकानाची कॅश क्रेडिट, ट्रकचा धंदा यांसाठी राहते घर तारण ठेवणे ही व्यापारी वर्गातली नेहमीची गोष्ट आहे. धानाच्या या पट्ट्यात भरडाईचे पैसे अडकले किंवा हंगाम हुकला, तर झळ मिलच्या खात्याला बसते आणि नोटीस घरावर चिकटते. अशी नोटीस धंद्याच्या अडचणीची खूण असते. घरांची मागणी घटली, असा तिचा अर्थ निघत नाही.

तिसरे कारण जिल्ह्याच्या रचनेत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या किंचित वर होती आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा शहरी होता. खेड्यातले घर बहुधा गावठाणात, वडिलोपार्जित जागेवर, स्वतःच्या बचतीतून किंवा घरकुल योजनेच्या अनुदानातून बांधलेले असते. त्यातल्या बहुतेक घरांना बँकेला चालेल असा स्वच्छ मालकी दस्त नसतो. केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली तीच मुळी गावठाणातल्या मालमत्तांना असे कागद मिळावेत म्हणून. जे घर तारण ठेवलेच गेले नाही, त्याला लिलावाची झळ पोहोचत नाही. त्यामुळे तारणावरचा घरबाजार भंडारा शहर, तुमसर, पवनी, साकोली आणि राष्ट्रीय महामार्गालगतची लेआउट एवढ्यापुरता उरतो. अमेरिकेत घर तारण ठेवून कर्ज काढणे हीच सर्वसाधारण रीत होती, अनेकांनी पदरचे पैसे जवळपास न घालता घरे घेतली होती, आणि जप्त घरे एकाच वेळी बाजारात आल्याने शेजारच्या घरांचे भावही खाली गेले. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्केच कर्ज देता येते. उरलेला पैसा घरमालकाचा असतो. म्हणून तो घर सहजासहजी सोडत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे : मग मंदीत घरे विकली का जात नाहीत? कारण छोट्या गावातली मंदी भावापेक्षा व्यवहारांत आधी दिसते. विकणाऱ्याला घाई नसते, म्हणून तो भाव उतरवत नाही. घेणाऱ्याची उत्पन्नाची खात्री डळमळलेली असते, म्हणून तो थांबतो. भंडाऱ्यात घर घेणारा वर्ग मुख्यतः पगारदार आहे : सरकारी नोकर, शिक्षक, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतले किंवा वरठीच्या पोलाद कारखान्यातले कामगार, आणि त्यांच्या खर्चावर चालणारे व्यापारी. शिवाय नागपूर सुमारे साठ किलोमीटरवर आहे. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा गुंतवणूक म्हणून भंडाऱ्याचा पैसा तिकडच्या फ्लॅटमध्ये जातो. कागदोपत्री भाव खाली न येण्याचे आणखी एक कारण रेडी रेकनर, म्हणजे सरकारी मूल्यदर, हे आहे. मुद्रांक शुल्क त्या दरावर किंवा प्रत्यक्ष किमतीवर, जे जास्त असेल त्यावर लागते. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी दाखवली, तर आयकर कायदा फरकाची रक्कम उत्पन्न समजू शकतो. म्हणून बाजार ओळखायचा असेल तर लिलावाच्या जाहिराती मोजून भागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात गेल्या वर्षीच्या तुलनेत किती खरेदीखते नोंदली गेली, हे पाहावे.

गैरसमज २ : तीन हप्ते थकले की बँक घर काढून घेते

तीन महिन्यांचा संबंध फक्त खात्याच्या वर्गवारीशी आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि तिथून प्रक्रिया सुरू होते. सरफेसीच्या कलम १३(२) ची मागणी नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. ६० दिवसांनंतर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. बहुतेक वेळा तो आधी सांकेतिक असतो, म्हणजे दारावर नोटीस लागते पण कुटुंब घरातच राहते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यावर ३० दिवसांत, लांबल्यास एकूण ६० दिवसांत, आदेश अपेक्षित असतो. बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. दिवाणी न्यायालयाला या कारवाईला मनाई करता येत नाही, हे माहीत नसल्याने काही जण चुकीच्या दाराशी मुदत घालवतात. विक्रीपूर्वी पुन्हा ३० दिवसांची सूचना लागते. थकीत रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल, तर हा कायदा लागूच होत नाही.

पण हा अवकाश अमर्याद समजणे तितकेच धोक्याचे आहे. पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता येई, अशी समजूत होती. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात ते स्पष्ट केले. म्हणून सर्वांत मोलाचा काळ पहिल्या ६० दिवसांचा आहे आणि नेमका तोच लाजेपायी, गावात बोभाटा होईल या भीतीने, गप्प बसण्यात जातो. थकबाकीदार म्हणजे कर्जबुडवा, हा समजही याच लाजेला खतपाणी घालतो. प्रत्यक्षात हप्ता थकण्याची कारणे वेगळी असू शकतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तोच राहिला पण कर्जाची वर्षे वाढली, आणि निवृत्तीजवळ आलेल्यांना ओझे उशिरा जाणवले. त्याआधी कोरोनाकाळातली हप्ते-सवलत ३१ ऑगस्ट २०२० रोजी संपली, आणि त्याच सुमारास वैनगंगेच्या महापुराने भंडारा शहरातल्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा कुटुंबांच्या थकबाकीत नियत खोटी असल्याचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही.

गैरसमज ३ : चावी बँकेला दिली की सुटका झाली

अमेरिकेच्या काही राज्यांत घर सोडले की गृहकर्जाची जबाबदारी तिथेच संपते. ही ऐकीव माहिती इथे लागू नाही. लिलावात आलेली रक्कम थकबाकीपेक्षा कमी पडली, तर उरलेल्या पैशासाठी बँक न्यायाधिकरणात जाऊ शकते, आणि जामीनदारालाही धरू शकते. आपल्याकडे जामीनदार हा बहुतेक वेळा मेहुणा, काका किंवा शाळेतला सहकारी शिक्षक असतो. घर सोडून मोकळे होऊ पाहणारा माणूस त्याला अडचणीत टाकतो. याची दुसरी बाजूही कायद्यात आहे : लिलावात थकबाकी आणि खर्च वजा जाता काही उरले, तर ते कर्जदाराला परत मिळायला हवे. म्हणून घर कमी भावात जाऊ न देण्यात कर्जदाराचाच फायदा आहे. विक्री अटळ दिसत असेल, तर बँकेच्या संमतीने स्वतः ग्राहक आणणे हे लिलावाची वाट पाहण्यापेक्षा बरे.

गैरसमज ४ : लिलावातले घर निम्म्या भावात मिळते

राखीव किंमत बँक मनाने ठरवत नाही. मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाचा अहवाल घेऊनच ती ठरते. ती बाजारभावाहून कमी दिसली, तरी तो फरक बहुधा जोखमीचा असतो. विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर होते. ताबा केवळ सांकेतिक असेल, तर आत राहणाऱ्या कुटुंबाला बाहेर काढण्याची प्रक्रिया अजून बाकी असते. बोली जिंकली की २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते, उरलेली पंधरा दिवसांत. मुदत लेखी संमतीने वाढली तरी तीन महिन्यांपलीकडे जात नाही. उरलेली रक्कम भरता आली नाही, तर आधीची जप्त होते. गृहकर्ज वेळेत मंजूर होईल या भरवशावर बोली लावणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. विजेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले आहे. मालमत्ता कराची चौकशी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत करावी लागते.

भंडाऱ्यात याहून मोठी जोखीम जमिनीच्या कागदांत आहे. प्लॉट अकृषक झाला आहे का, लेआउट मंजूर आहे की गुंठेवारीतले, जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे का, गोसेखुर्द धरणाच्या पुनर्वसित वस्तीतला प्लॉट असल्यास हस्तांतरणाला परवानगी लागते का, घर वैनगंगेच्या पूररेषेत येते का, या प्रश्नांची उत्तरे लिलावाच्या जाहिरातीत सापडत नाहीत. सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक २ स्वतः पाहावेत. १ एप्रिल २०१३ पासून महाराष्ट्रात मूळ दस्त ठेवून घेतलेल्या गहाणाची सूचनाही निबंधकाकडे दाखल करावी लागते. ती आणि केंद्रीय गहाण नोंदणीतली नोंद शोधल्यास दुसऱ्या बँकेचा बोजा कळतो. हे सगळे तपासून घर स्वस्त वाटले, तरच ते स्वस्त.

गैरसमज ५ : शेतजमीन आहे, कर्जमाफी येईल, काही होत नाही

शेतजमिनीवरचे तारण सरफेसीच्या कक्षेबाहेर आहे, हे खरे. पण सातबारावर ‘शेती’ लिहिलेले असणे एवढ्याने भागत नाही. प्रत्यक्षात शेती होते, हे कर्जदाराने दाखवावे लागते, असे न्यायालयांनी सांगितले आहे. अकृषक झालेल्या प्लॉटला ही ढाल मिळत नाही. राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफी योजना शेतीकर्जासाठी होत्या; गृहकर्ज त्यांत नव्हते. सहकारी बँकांना सरफेसी लागू नाही, हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मे २०२० च्या निकालाने संपला. पतसंस्थांचा मार्ग वेगळा आहे. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचे तर वसुलीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. हा मार्ग सौम्य आहे, असे समजू नये.

शेवटचा आक्षेप असा की, एवढी अडचण असेल तर मंदीत सरकारने लिलावच थांबवावेत. मंदीत सरकारने मध्ये पडण्याला इतिहासात आधार आहे. १९३० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा भंडारा ज्या मध्य प्रांतात होता, तिथे १९३३ मध्ये कर्ज-समेटाचा कायदा झाला आणि सावकार व ऋणको यांच्यात तडजोड घडवणारी मंडळे नेमली गेली. पण त्या कायद्याने तोडगा समेटात शोधला. सरसकट स्थगितीने बँका छोट्या गावांत कर्ज देणेच आवरते घेतील, आणि त्याचा फटका पुढच्या प्रामाणिक कर्जदाराला बसेल. समेटाची वाट आजही खुली आहे : कर्जाची पुनर्रचना, एकरकमी तडजोड, लोकअदालत. तडजोड हा हक्क नाही, बँकेचा निर्णय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले असल्याने ती मागण्यात उशीर परवडत नाही.

म्हणून भंडाऱ्यात ज्यांच्या घरी मागणी नोटीस आली आहे, त्यांनी तिचे लेखी उत्तर ६० दिवसांच्या आत द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि तडजोडीचा प्रस्ताव त्याच पत्रात मांडावा. ज्यांना लिलावात घर घ्यायचे आहे, त्यांनी बोलीआधी तलाठी आणि निबंधक कार्यालयात एक-एक दिवस घालवावा. आणि ज्यांना केवळ भाव कुठे चालले हे जाणून घ्यायचे आहे, त्यांनी ताबा सूचनांचे पान मोजणे सोडून खरेदीखतांची नोंदणी मोजावी.