मास्क लावून सोळा तास : हौसेचा प्रवास आणि ओढीचा प्रवास

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वेगाडी सुरू झाली तीही १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तरीही अमेरिकेला जाऊन आलेले आजी-आजोबा बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव या गावांत आता नवलाचे राहिलेले नाहीत. मुलगा इंजिनिअर होतो, पुण्यात नोकरीला लागतो, कंपनी त्याला परदेशी पाठवते आणि नातवंडाच्या निमित्ताने आई-वडिलांचा पासपोर्ट निघतो. करोनाच्या साथीत या मंडळींपुढे एक साधा प्रश्न उभा राहिला : तोंडावर मास्क बांधून एवढा लांबचा प्रवास करायचा का?

हाच प्रश्न तेव्हा जगभर ‘हौसेने फिरणारे प्रवासी मास्कच्या सक्तीमुळे विमानाकडे पाठ फिरवतील का’ अशा रूपात विचारला जात होता. त्याचे उत्तर शोधताना दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. वाट बंद असल्यामुळे न गेलेला माणूस आणि मास्क नको म्हणून न गेलेला माणूस, हे दोघे एक नव्हेत.

वाट केव्हा उघडी होती?

मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबवली. मे महिन्यापासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने आणि जुलैपासून काही देशांशी ठरवून चालवलेली मोजकी विमाने सुरू झाली. नियमित उड्डाणांना २७ मार्च २०२२ उजाडावा लागला. मधल्या काळात, ४ मे २०२१ पासून, अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बहुतेक परकीय प्रवाशांना प्रवेश बंद केला. लस घेतलेल्यांसाठी तो ८ नोव्हेंबर २०२१ ला खुला झाला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचे नशीब तर अगदी काठावर होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्या लशीला ३ नोव्हेंबरला, म्हणजे अवघे पाच दिवस आधी, मान्यता दिली.

अमेरिकेतल्या विमानांतली मास्कची सक्ती तिथल्या न्यायालयाच्या निकालामुळे १८ एप्रिल २०२२ रोजी उठली. म्हणजे ८ नोव्हेंबर ते १८ एप्रिल या सव्वापाच महिन्यांत वाट उघडी होती आणि मास्क सक्तीचा होता. आपल्या प्रश्नाची खरी परीक्षा या काळात झाली. त्याआधी न गेलेल्यांचा दोष मास्कवर टाकता येत नाही.

सोळा तास म्हणजे किती?

मुंबईहून न्यूयॉर्कच्या बाजूला थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. बीडच्या माणसाचा प्रवास मात्र मुंबईत सुरू होत नाही. रस्त्याने सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तास. विमानतळावर तीन-चार तास आधी पोचायचे. सगळी बेरीज सव्वीस ते एकोणतीस तासांवर जाते. जीपमध्ये मास्क हनुवटीवर ओढता येतो, विमानात ते चालत नव्हते. मार्च २०२१ पासून भारतात सूचना देऊनही मास्क न लावणाऱ्या प्रवाशाला विमानातून उतरवण्याचा नियम होता.

विमानातली हवा कोरडी असते. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली जाते. घशाला कोरड पडते, कानामागे दोरी रुतते, चष्म्यावर वाफ धरते आणि मास्क लावून झोप नीट लागत नाही. ज्येष्ठांशी बोलताना हीच गाऱ्हाणी मी ऐकली. पण ‘म्हणून गेलो नाही’ असे म्हणणारे मला क्वचितच भेटले.

मास्कने काय साधते?

मोठ्या विमानात हवा वरून येते, पायाजवळून खेचली जाते आणि दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. पुन्हा आत सोडली जाणारी हवा ज्या गाळणीतून जाते, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. म्हणून वीस रांगा पलीकडे खोकणाऱ्याची भीती कमी. खरा प्रश्न शेजाऱ्याचा. त्याचा श्वास गाळणीपर्यंत जाण्याआधी आपल्यापर्यंत येतो. तिथे मास्क उपयोगी पडतो. तो लावणाऱ्याला वाचवतोच, पण आजारी माणसाने लावला तर आजूबाजूच्यांना जास्त वाचवतो.

मार्च २०२० च्या आरंभी लंडनहून हनोईला गेलेल्या दहा तासांच्या विमानात एका आजारी प्रवासी महिलेकडून पंधरा जणांना लागण झाल्याचे संशोधकांनी दाखवले. त्यांतले बहुतेक तिच्याच वर्गात बसलेले होते. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये दुबईहून न्यूझीलंडला निघालेल्या सुमारे अठरा तासांच्या प्रवासात ८६ प्रवाशांपैकी सात जण पुढे बाधित निघाले. विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिल्यावर त्यांतल्या किमान चौघांना प्रवासातच लागण झाल्याचे दिसले, आणि बाधितांपैकी काहींनी तर मास्क लावले होते. म्हणजे मास्क हे कवच आहे, पण अभेद्य नाही.

लांबच्या प्रवासात ते कवच कुठे उघडते? जेवणाच्या वेळी. एप्रिल २०२१ मध्ये भारताने दोन तासांपेक्षा कमी अंतराच्या देशांतर्गत विमानांत जेवण देणे बंद केले, ते याच कारणाने. दोन तास उपाशी राहता येते, सोळा तास नाही. तेव्हा लांबच्या विमानात मास्कचा जाच सर्वांत जास्त, आणि मास्क काढण्याची वेळही सर्वांत जास्त.

हौस कोणाची?

मग लोक तयार का झाले? कारण सरकारी भाषेतली ‘हौस’ आणि घरातली ‘हौस’ यांत फरक आहे. मुलाकडे जाणाऱ्या आईला अमेरिकेचा जो बी-२ व्हिसा मिळतो, तो पर्यटनाच्या गटातला. ग्रँड कॅनियन पाहायला जाणारा आणि सुनेच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन जाणारी, दोघे एकाच रकान्यात. पण पहिला सहल पुढच्या वर्षावर ढकलू शकतो. बाळंतपण ढकलता येत नाही. साथीत दोन वर्षे नातू फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेल्या आजीने मास्कचा हिशेब वेगळाच मांडला : सोळा तासांच्या बदल्यात सहा महिने.

शिवाय त्याच नियमाने काहींना रोखले तर काहींना घराबाहेर काढले. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या ज्येष्ठाला एकट्याने मास्क लावण्यापेक्षा सगळ्यांनी लावणे मोलाचे वाटत होते. ‘सगळे लावणार असतील तर जाऊ’ हे वाक्य मी एकाहून जास्त घरांत ऐकले. मास्कला नकार देणाऱ्यांची संख्या मोजताना, मास्कच्या भरवशावर निघालेले मोजायचे राहून जातात.

आपल्या जिल्ह्याला या तयारीच्या चर्चेची आणखी एक बाजू ठाऊक असायला हवी. एप्रिल २०२० मध्ये साखर कारखान्यांवर अडकलेले ऊसतोड कामगार सरकारी परवानगीनंतर गावी परतले आणि त्याच वर्षीच्या हंगामात पुन्हा ट्रक-ट्रॅक्टरमधून कोयता घेऊन निघाले. ‘तुम्ही मास्क लावून प्रवासाला तयार आहात का’ असे त्यांना कोणी विचारले नाही. ज्याला ‘नको’ म्हणणे परवडते, तयारीचा प्रश्न त्यालाच विचारला जातो.

भारतातल्या विमानांतली सक्ती १६ नोव्हेंबर २०२२ रोजी संपली. मास्क वापरणे बरे, एवढाच सल्ला उरला. नियम उठला तेव्हा जाच वाटणाऱ्यांची सुटका झाली, आणि इतरांच्या मास्कवर विसंबणाऱ्यांचे संरक्षण गेले. आजही दुबळ्या प्रकृतीच्या प्रवाशाला आपल्यापुरता उपाय करता येतो : नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, खिडकीकडची जागा, डोक्यावरची हवेची झडप असेल तर ती उघडी, आणि शेजाऱ्याचे जेवण आटोपून त्याने मास्क चढवल्यावर किंवा निदान तोंड मिटल्यावर आपण जेवणे. पुढची साथ येईल तेव्हा नियम करणाऱ्यांनी मात्र लोक किती तास मास्क सोसतील एवढेच विचारून थांबू नये. ते कोणाकडे निघाले आहेत, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दुसऱ्यात असते.