हरभऱ्याची हिरवी राखणदार

मुलांनो, शिळ्या भाकरीवर बुरशी आली, की आपण नाक मुरडतो. पण बुरशी कुणी मुद्दाम, पिशव्या भरभरून वाढवत असेल तर? वाढवतात बरं का! आणि तीही शेतकऱ्याच्या भल्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातला एक मुलगा हरभऱ्याचं उपटलेलं रोप घेऊन आला. पानं पिवळी, शेंडा मान टाकलेला. "बाई, पाणी दिलं तरी वाळतंय. निम्मं रान असंच झालंय." मी मूळ उभं चिरलं. आत काळपट रेघ दिसली. हा मर रोग. फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळात शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते. पाणी असूनही रोप तहानेनं मरतं!

रोप एकदा सुकायला लागलं, की ते सहसा वाचत नाही. म्हणून राखणदार पेरणीआधीच नेमायचा. त्याचं नाव ट्रायकोडर्मा. हीसुद्धा मातीतलीच बुरशी. ती शत्रूच्या धाग्याला विळखा घालते, त्याची भिंत विरघळवते नि त्यालाच खाऊन टाकते. १९३२ साली अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट जगापुढे मांडली.

आता ही बुरशी वाढवायची कशी? ज्वारी भिजवून अर्धवट शिजवतात, पिशव्यांत भरतात, तोंडाला कापसाचा बोळा लावतात. मग दाबाच्या वाफेत त्या निर्जंतुक करतात. का? कारण शिजलेली ज्वारी सगळ्याच बुरशींना आवडते. पाहुणी मात्र एकच हवी! पिशवी गार झाली, की प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध विरजण स्वच्छ जागेत तिच्यात घालतात. २५ ते ३० अंश तापमानात आधी पांढरे धागे पसरतात, मग आठ-दहा दिवसांत ज्वारी हिरवीगार होते. हा हिरवा रंग बीजाणूंचा. एखाद्या पिशवीत काळा ठिपका दिसला, तर ती पिशवी बाद. तयार माल सावलीत वाळवून शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळतात नि पाकिटं भरतात.

एक किलो बियाण्याला चार-पाच ग्रॅम पूड चोळायची, बी सावलीत सुकवायचं नि पेरायचं. किंवा १०० किलो कुजलेल्या शेणखतात एक किलो पूड मिसळून, ओलावा राखून, गोणपाटानं झाकून पंधरा दिवस ठेवायचं. खतातही ती वाढते. हे काम मोठ्यांनीच करावं, नाकाला फडकं बांधून.

मग त्या मुलाच्या रानात काय चुकलं? पाकीट तर त्यांनी आणलं होतं! विचारलं तेव्हा कळलं, ते महिनाभर तापलेल्या पत्र्याखाली पडून होतं. वरची तारीखही उलटून गेली होती. आतली बुरशी बहुधा केव्हाच मेली असावी. बियाण्याला चोळली गेली ती नुसती पूड.

मुलांनो, हे औषध जिवंत आहे. रासायनिक बुरशीनाशकाबरोबर कालवलं तरी ते मरू शकतं. यंदा घरी पाकीट आलं, तर एक काम तुमचं. वरची तारीख मोठ्यानं वाचून दाखवा नि पाकीट गार सावलीत ठेवा. त्या मुलानं यंदा पाकीट माठाशेजारी ठेवलंय. रोज जाऊन बघतो म्हणे!