चाचणीची उत्तरे व हजेरीपत्रक

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयान्वये भाषा व गणित यांच्या पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. गुणांची बेरीज वर पाठविली की काम संपले, हा समज मात्र बरा नव्हे. ५२ वजा २७ चे उत्तर ३५ लिहिणारे मूल वजाबाकीत सर्वस्वी कच्चे नसते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणे त्यास येते, दशक सुटा करणे तेवढे येत नाही. अशा वेळी हजेरीपत्रक उघडावे. जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी भागांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. तो पाठ झाला तेव्हा मूल फडावर असावयाचे. त्यास सारी वजाबाकी पुन्हा शिकवू नये. काड्यांचा दशकाचा गठ्ठा सोडून दाखवावा, आणि चार दिवसांनी तशीच दोन उदाहरणे घालून नोंद करावी.