बावखलांच्या गावचा धर्म

वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यास सात महिनेही लोटले नाहीत तोच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, राज्य शासनाने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायदा करण्याच्या विचारार्थ पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध कोणी जोडला नाही, आणि जोडण्याचे कारणही नव्हते. तथापि ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनात कोणत्या नात्याने उभे राहावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्यातील पहिल्या घटनेबरोबर संपले आणि दुसरीने अगदी निराळे उत्तर सरकारी दप्तरात दाखल केले, असे मला येथे माझ्या पोशीर गावी बसून वाटत राहिले आहे.

या प्रश्नाचा जुना इतिहास स्मरणिकांतून इतका आळवून झाला आहे की, त्याची नुसती उजळणी पुरे. १८४२ साली निघालेला ‘ज्ञानोदय’, केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, रेव्हरंड टिळकांची अभंगवाणी, लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून होमरूलचा झेंडा धरणारे काका बॅप्टिस्टा, संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मप्रचाराचा हक्क मान्य होणे आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहणे, ही सारी प्रकरणे महत्त्वाची खरी, परंतु ती मी पुस्तकांतून वाचली. १९६७ साली जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना धूळ चारली, त्या वेळी हा माणूस पाद्री होण्याचे शिक्षण अर्धवट सोडून आलेला आहे यापेक्षा तो कामगारांचा पुढारी आहे यालाच मोल होते. पुढे १९७८ च्या अखेरीस ओमप्रकाश त्यागींचे धर्मस्वातंत्र्य विधेयक लोकसभेत आले, गाजले आणि जनता सरकारबरोबर विरून गेले.

जे डोळ्यांदेखत घडले ते १९८५ ते १९९५ या दशकातले. पोटापाण्यासाठी मी तेव्हा वसई तालुक्यात कारकुनी करीत होतो. केळीच्या व पानवेलींच्या वाड्या, वेशीवेशीला गोड्या पाण्याची तळी म्हणजे बावखले, आणि पावसाळ्यात साठलेल्या त्या पाण्यावर वर्षभर तग धरून राहणाऱ्या विहिरी, असा तो मुलूख होता. हरित पट्ट्याचे निर्बंध सैल झाले, नियोजनाचा अधिकार सिडकोकडे जाऊ लागला, आणि ज्या वाडीत सुकेळी वाळत घालीत तेथे रेतीचे ढीग पडू लागले. विहिरींना इंजिने लावून टँकर भरले जात. शेजारच्या विहिरीचे पाणी मचूळ होई. तालुक्यावर दहशतीचे सावट असे होते की, १९८९ साली नालासोपारा स्थानकावर एका विकासकाला गोळ्या घालण्यात आल्या, तरी त्याविषयी मोठ्याने बोलायला माणसे कचरत.

अशा काळात ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेल्या फादर दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने लोकांना रस्त्यावर आणले. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारातच विकास आराखड्याची प्रत पसरली जाई, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले जात, आणि लाल लुगड्यातल्या कुपारी म्हाताऱ्या ‘आमचे बावखल यात कुठे?’ असे विचारीत. नकाशावर त्या जागी पुष्कळदा नुसता कोरा कागद असे. मोर्चात वाडवळ होते, आगरी होते, भंडारी होते. येशूवर कोणाची श्रद्धा आहे याची पृच्छा तेथे कोणी केली नाही, कारण विहिरीचे पाणी सर्वांचेच आटत होते.

त्या वेळी आमच्या एका वरिष्ठाने, ज्याच्या मेजावरून बिनशेतीची प्रकरणे विलक्षण वेगाने पुढे सरकत, ‘पाद्र्याने घंटा वाजवावी, सातबारा वाचू नये’ असा शेरा मारला होता, आणि आम्ही सर्वांनी तो हसून गोड मानून घ्यावा अशी त्याची अपेक्षा होती. मुंबईतले काही पुरोगामी स्नेहीही धर्म राजकारणात आणू नये अशी तत्त्वनिष्ठ कुरकुर करीत. मात्र तेच पुढे बुवामहाराजांच्या हस्ते होणाऱ्या उद्घाटनांना पहिल्या रांगेत बसलेले मी पाहिले. चर्चमधील पहिल्या बाकावर बसून दुसऱ्या दिवशी वाडीचे खरेदीखत करणारे बागायतदारही होतेच. त्यांनाही फादरांची वाणी रुचत नसे.

पुढच्या वर्षांविषयी फारसे लिहावे असे नाही. वसई वाढली, बरीचशी बावखले बुजली. २०२० च्या जानेवारीत भरलेल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादरांकडे आले, तेव्हा सुबोध बायबल मराठीत आणणाऱ्या या लेखकाच्या निवडीला विरोध करणारे दूरध्वनी साहित्य महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना गेले. कोणत्या पुस्तकाविषयी आक्षेप आहे हे कोणी सांगितले नाही. आक्षेप माणसाच्या धर्माविषयी होता. ज्याने तीस वर्षे पाण्याविषयी बोलून लोकांची मने जिंकली, त्याला आता प्रथम आपल्या निष्ठेचा दाखला द्यावा लागत होता, आणि येथूनच मला काळ पालटल्याची जाणीव झाली.

निवृत्तीनंतर मी पोशीरला परतलो. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पोशीर धरणाला मान्यता दिली; मुंबई महानगराची तहान भागविण्यासाठी आमचे खोरे अडविले जाणार आहे, आणि कोणाच्या किती जमिनी जाणार याची कुजबुज पारावर रोज चालते. नेरळ ते कळंबपर्यंत डोंगर कापून फार्महाऊसे उठतात आणि उन्हाळ्यात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांतील बायका हंडे घेऊन ओढा शोधतात. परंतु एखाद्या वाडीवर चार माणसे प्रार्थनेस बसली तर त्यांना कोणी फूस लावली, याचीच चर्चा अधिक रंगते. कोणास बळजबरीने बाटवावे असे मी म्हणणार नाही, आणि तशा बळजबरीला प्रचलित कायद्यातही स्थान नाही. परंतु ज्यांच्या विहिरीची पाहणी करावयास कोणी फिरकत नाही, त्यांच्या अंतःकरणाची पाहणी करण्याची ही तातडी कशासाठी? फादरांच्या जागी कोणी वारकरी, बौद्ध अथवा निखळ नास्तिक उभा राहिला तरी माझी हरकत नाही. पोशीरच्या खोऱ्यात तसा कोणी अद्याप मिळालेला नाही. धर्मांतराच्या विचारार्थ मात्र सात सदस्य ताबडतोब मिळाले.