जोड लावणाऱ्याची नजर

गावजत्रेची कुस्ती लोक पाहतात ती हलगी कडकडल्यावर. अर्धी लढत मात्र त्याआधीच पंचांच्या टेबलापाशी ठरून गेलेली असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत चैत्र लागला की घोड आणि भीमेच्या काठाने एकेका गावाची जत्रा सुरू होते. प्रत्येक आखाड्यात पहिला प्रश्न तोच असतो, ‘या पोराला जोड कोण?’ या आखाड्यांत मी पंचांच्या शेजारी बसत आलोय, कधी नावं लिहायला, कधी माइकवर पुकारायला. सगळ्यात अवघड काम मानाच्या कुस्तीचं नसतं. ते असतं रेवड्यांवर आणि नारळावर खेळणाऱ्या हलक्या पोरांची जोड लावण्याचं.

मफलरमागचे कान

दौंडकडच्या एका जत्रेत किडकिडीत पोरगा उभा राहिला. डोक्याला मफलर घट्ट बांधलेली. म्हणाला, ‘नवीनच आहे, हलकी जोड द्या.’ पंच होते एक जुने वस्ताद. त्यांनी आधी त्याचं मनगट दाबून पाहिलं, मग मानेमागे हात घातला आणि हळूच मफलर सोडली. दोन्ही कान मोडून गड्ड्यासारखे झालेले! वर्षानुवर्षं मातीत घासल्याशिवाय असे कान होत नाहीत. वस्ताद रागावले नाहीत. पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘बाळा, तुझी जोड वरच्या रांगेत आहे.’ समोर उभं राहिलेलं नवखं पोर त्या दिवशी वाचलं.

आखाडा उठला, पंगती झाल्या की मांडवात दुसरा आखाडा भरतो. त्यात सगळ्या जोड्या मनातल्या. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, घरोघरची पोरं सैन्यात आहेत. सुट्टीवर आलेली ही मंडळी बॉक्सिंगही कोळून प्यायलेली असतात. मग विषय निघतोच, सगळ्यात हलक्या वजनात सगळ्यात भारी कोण? वस्तादांची अट एकच असायची. ‘आधी वजन सांग, वेळ सांग, नियम सांग. मग नाव घे.’

मेरी की निखत?

ही जोड प्रत्यक्षात लागली होती. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीत ऑलिंपिक पात्रतेसाठी बॉक्सिंगची ५१ किलोची चाचणी झाली. मेरी कोम ३७ वर्षांची, निखत झरीन २३ वर्षांची. मेरीने ९-१ अशी बाजी मारली. पुढे निखतने २०२२ मध्ये ५२ किलोत आणि २०२३ मध्ये ५० किलोत जगज्जेतेपद मिळवलं, आणि मांडवातला वाद पुन्हा पेटला.

वस्तादांची अट लावली की उत्तर स्वच्छ दिसतं. मेरीची सहाही जागतिक सुवर्णपदकं ४८ किंवा त्याहून कमी किलोंच्या गटांतली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता, म्हणून तिला वरच्या वजनात जावं लागलं. तरीही ती कांस्यपदक घेऊन आली. ४८ किलोच्या अंगाला तीन किलो म्हणजे सुमारे सहा टक्के. शंभर किलोच्या पैलवानाला सहा किलो जास्तीचा गडी द्यावा तसंच ते. म्हणून माझा कौल असा: दोघीही ऐन भरात असतील तर ४८ किलोवर मेरी, ५२ किलोवर निखत.

सेऊल ते जकार्ता

१९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये भारताच्या हलक्या दोन गटांत दोन मराठी नावं होती. फ्लायवेटला मनोज पिंगळे, बँटमवेटला शाहूराज बिराजदार. आमच्या मांडवातली आवडती जोड म्हणजे पिंगळे विरुद्ध अमित पंघाल, ५१ किलो.

इथे नियम आडवे येतात. पिंगळ्यांच्या काळात डोक्याला हेडगार्ड सक्तीचा होता, गुण पंच कागदावर लिहीत. त्याच सेऊलमधल्या वादग्रस्त निकालांनंतर यंत्रं आली: पाचपैकी तीन पंचांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबलं तरच गुण. पुढे ती पद्धतही गेली, पुरुषांचा हेडगार्डही गेला. पंघालच्या हसनबॉय दुसमातोवशी झालेल्या लढतीच पाहा. २०१७ च्या हॅम्बुर्ग जागतिक स्पर्धेत दुसमातोव जिंकला, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम लढतीत पंघाल ३-२ ने जिंकला. माणसं तीच, वजन तेच, तरी निकाल पालटला. मग तीस वर्षांचं अंतर असलेल्या जोडीचा निकाल छातीठोकपणे कोण सांगणार? कागदी गुण आणि हेडगार्ड असेल तर मी पिंगळ्यांच्या बाजूने उभा राहीन. आजच्या नियमांत पंघालचं डावखुरेपण भारी पडेल.

जत्रेतला जगज्जेता

वेल्सचा जिमी वाइल्ड आपल्या पोरांसारखाच जत्रांत घडला. तिथल्या जत्रांत बॉक्सिंगचे तंबू लागत, समोर येईल त्याच्याशी लढायचं. फ्लायवेटची मर्यादा ११२ पौंड. वाइल्ड बऱ्याचदा त्याहून पुष्कळ कमी भरायचा, तरी जगज्जेता झाला. जानेवारी १९२१ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याची जोड लागली पीट हर्मनशी. हर्मन वजनाने बराच जड. वाइल्ड लढायला तयार नव्हता. पण सभागृहात प्रिन्स ऑफ वेल्स येऊन बसले होते, आणि त्यांच्या मानासाठी तो रिंगणात उतरला. सतराव्या फेरीत लढत थांबवावी लागली, वाइल्ड हरला. जोड चुकीची लागली की केवढा मोठा गडी कसा मोडतो, त्याचा हा धडा.

मेक्सिकोच्या रिकार्डो लोपेझला हे सोसावं लागलं नाही. १०५ पौंडांचा गट १९८७ मध्ये सुरू झाला आणि तो त्याचा राजा ठरला: ५१ विजय, एक बरोबरी, हार एकही नाही. या दोघांची जोड लावायची तर १०५ पौंड, बारा फेऱ्या असतील तर लोपेझ. वीस फेऱ्या असतील तर वाइल्ड.

खाशाबांचा अर्धा तास

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या ५७ किलो गटात खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज देऊन उठले आणि लगेच त्यांना रशीद मामेदबेयोवसमोर उभं केलं गेलं. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मागायला आपला अधिकारी जवळ नव्हता, हा किस्सा तालमींत आजही कळवळून सांगतात. कांस्यपदक मिळालं. विश्रांती घेतलेले खाशाबा विरुद्ध मामेदबेयोव, ही मनातली जोड मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती विश्रांती त्यांचा हक्क होता.

म्हणून जत्रा समित्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आखाड्याच्या तोंडाशी एक वजनकाटा ठेवा, लहान पोरांची नोंद वजनासह करा आणि त्यांच्या एक-दोन चांगल्या जोड्या मानाच्या कुस्तीच्या अगदी आधी, गर्दी भरलेली असताना लावा. हलक्या वजनाचा मोठा खेळाडू आपल्या मातीत घडवायचा असेल तर पहिली जोड तोलामोलाची मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो देणं पंचांच्या हातात आहे.