गिरणीत ठेवलेला डबा

पडद्यावर एकही ओळ उमटत नव्हती. प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा ‘टॉप’ लावून पाहिला, तर चारही कोअर शंभर टक्क्यांवर. बघणाऱ्याला वाटावं, गणित जोरात चाललंय. प्रत्यक्षात चारही प्रोसेस एकमेकींची वाट बघत होत्या. एमपीआय म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवण्याची ठरलेली पद्धत. तिच्या बहुतेक लायब्रऱ्या वाट बघताना झोपत नाहीत. सारखं दार उघडून ‘आलं का, आलं का’ करत राहतात.

काम साधंच होतं. तापवलेल्या पत्र्यात उष्णता कशी पसरते ते काढायचं. पत्र्याचे चार उभे पट्टे, एकेका प्रोसेसला एकेक. दर फेरीत आपल्या कडेचा स्तंभ शेजाऱ्याला द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा. मी लिहिलं होतं, आधी दोन्ही बाजूंना पाठव, मग दोन्हीकडून घे. २०० ओळींच्या पत्र्यावर ते छान चाललं. २०,००० ओळी केल्या आणि सगळं ठप्प.

२०० ओळींच्या स्तंभात २०० आकडे, म्हणजे १,६०० बाइट. एवढासा निरोप लायब्ररी स्वतःच्या खिशात टाकते आणि ‘सेंड’ मोकळा होतो. २०,००० ओळींचे १,६०,००० बाइट खिशात मावत नाहीत. मग आधी नुसती विचारणा जाते. समोरचा ‘घेतो’ म्हणाला की माल हलतो. पण समोरचाही ‘सेंड’मध्येच अडकलेला. हो म्हणणार कोण?

(पुण्यात सी-डॅकने १९९१ साली उभा केलेला परम ८००० ट्रान्सप्युटर चिपांवर चालायचा. त्यांच्या चॅनेलांना खिसाच नव्हता. देणारा आणि घेणारा दोघे हजर असले तरच देवघेव. तिथे माझी चूक २०० ओळींनाच उघडी पडली असती.)

एमपीआयच्या १९९४ च्या पहिल्या आवृत्तीपासून या कोंडीवर ‘आयसेंड’ आहे. गिरणीत डबा ठेवायचा, ‘दळून ठेवा’ सांगायचं आणि भाजी आणायला निघायचं. आयसेंड लगेच परत येतो, हातात रिक्वेस्ट नावाची पावती देतो. मी आधी निरोप घेणारे तसेच ‘आयरिसीव्ह’ लावले, मग आयसेंड, तेवढ्यात पट्ट्याच्या मधल्या भागाचं गणित, मग सगळ्या पावत्या पुऱ्या होईपर्यंत थांबणारा ‘वेटऑल’, आणि कडा शेवटी. प्रोग्रॅम चालला. उत्तर मात्र चुकलं, तेही फक्त पट्ट्यांच्या शिवणीवर.

दोन दिवस गेले. सी भाषेत स्तंभातले आकडे मेमरीत सलग नसतात, म्हणून पाठवण्याआधी ते एका बफरमध्ये गोळा करायचे असं मी ठरवलं होतं. मी डाव्या कडेचे आकडे गोळा करून आयसेंड केला आणि लगेच त्याच बफरमध्ये उजव्या कडेचे भरले. गहू दळायच्या आधीच त्याच डब्यात ज्वारी ओतली! डाव्या शेजाऱ्याला उजवी कड पोचत होती. लहान पत्र्यावर पुन्हा सगळं बरोबर. निरोप आधीच खिशात गेलेला असायचा. आयसेंड परत आला याचा अर्थ निरोप गेला असा नाही. ‘वेट’ होईपर्यंत बफर आपला नसतो.

दोन बफर केल्यावर उत्तर जुळलं. वेळ मात्र अपेक्षेइतका वाचेना. मोठा निरोप आपण गणितात गुंतलेले असताना आपोआप सरकतोच असं नाही. बऱ्याच ठिकाणी लायब्ररीचं एखादं फंक्शन कुणीतरी बोलवावं लागतं, तेव्हा ती पुढचं पाऊल टाकते. भाजी घेऊन परतावं तर डबा रांगेत होता तिथेच. म्हणून मधल्या गणितात दर काही ओळींनी ‘झालं का’ विचारणारा ‘टेस्ट’ पेरला. थोडा फरक पडला.

त्या दोन बफरांची नावं कोडमध्ये अजून ‘डबा_डावा’ आणि ‘डबा_उजवा’ अशीच आहेत.