रोल संयोजनातील मेथड-नियंत्रण

रोल संयोजनातील मेथड-नियंत्रण म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एखाद्या क्लासने रोलमधील (काही भाषांत ‘ट्रेट’) कोणत्या मेथड घ्याव्यात, कोणत्या वगळाव्यात व कोणत्या वेगळ्या नावाने घ्याव्यात हे ठरवण्याची पद्धत होय.

पार्श्वभूमी

एकल वारसा असलेल्या भाषांत क्लासला एकच जनक असतो. त्यामुळे परस्परांशी नाते नसलेल्या क्लासना समान वर्तन देणे अवघड जाते. बहुवारशात एकाच नावाच्या मेथड अनेक जनकांकडून आल्यास संदिग्धता निर्माण होते. मिक्सिन एकापुढे एक रचले जात असल्याने त्यांत कोणती मेथड लागू होईल हे क्रमावर अवलंबून असते. या अडचणींवर उपाय म्हणून नथानाएल शेर्ली, स्टेफान द्यूकास, ऑस्कर नीरस्ट्राझ व अँड्र्यू ब्लॅक यांनी २००३ साली ट्रेटचे प्रारूप मांडले. त्याची अंमलबजावणी स्क्वीक या स्मॉलटॉक प्रणालीत करण्यात आली.

नियम

या प्रारूपात संयोजनाचा क्रम महत्त्वाचा नसतो. क्लासची स्वतःची मेथड ट्रेटमधील मेथडला मागे सारते, तर ट्रेटमधील मेथड जनक क्लासकडून आलेल्या मेथडला मागे सारते. दोन ट्रेटमध्ये एकाच नावाच्या भिन्न मेथड असल्यास संघर्ष उद्भवतो व तो प्रोग्रॅमरने स्पष्टपणे सोडवावा लागतो.

उदाहरणार्थ, ‘दस्तऐवज’ हा क्लास ‘मुद्रणयोग्य’ व ‘जतनयोग्य’ हे दोन रोल घेतो आणि दोहोंत ‘शीर्षक’ ही मेथड आहे. अशा वेळी तीन मार्ग असतात: क्लासमध्ये स्वतंत्र ‘शीर्षक’ लिहिणे, एका रोलमधील मेथड वगळणे, किंवा वगळलेली मेथड ‘जतन-शीर्षक’ अशा टोपणनावाने उपलब्ध ठेवणे.

विविध भाषांतील स्वरूप

पर्ल भाषेच्या ‘मूस’ या लायब्ररीत रोल घेतानाच वगळायच्या मेथडची यादी व टोपणनावे देता येतात. पीएचपी भाषेत ५.४ आवृत्तीपासून (२०१२) ट्रेट उपलब्ध आहेत. तेथे ‘इन्स्टेडऑफ’ या शब्दाने एका ट्रेटची मेथड दुसऱ्याऐवजी निवडली जाते, तर ‘ॲज’ या शब्दाने टोपणनाव दिले जाते किंवा मेथडची दृश्यता बदलली जाते. संघर्ष न सोडवल्यास पीएचपीमध्ये प्रोग्रॅम त्रुटी देऊन थांबतो.

मर्यादा

टोपणनाव दिल्याने मूळ नाव नाहीसे होत नाही. मूळ मेथड नको असल्यास ती वेगळी वगळावी लागते. तसेच रोलमधील इतर मेथड जुन्याच नावाने हाक मारत राहतात. वर ‘मुद्रणयोग्य’मधील ‘शीर्षक’ वगळले, तर त्याच रोलमधील ‘छापा’ ही मेथड ‘जतनयोग्य’चे शीर्षक वापरू लागेल. त्याचा अर्थ निराळा असल्यास कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचे शीर्षक छापले जाईल. त्या नावाची मेथड कोठेच उरली नाही, तर मूस व पीएचपीसारख्या गतिमान भाषा-प्रणालींत ही उणीव बहुधा प्रोग्रॅम चालू असतानाच उघड होते.

दुसरी अडचण प्रकाराची आहे. मूसमध्ये ऑब्जेक्ट अमुक रोल पार पाडतो का, असे विचारता येते. मेथड वगळली तरी त्याचे उत्तर होकारार्थीच मिळते. म्हणजे रोलने दिलेले आश्वासन अपुरे राहू शकते. त्यामुळे वारंवार वगळणूक करावी लागत असल्यास मोठ्या रोलचे लहान, एककार्यी रोलमध्ये विभाजन करणे अधिक श्रेयस्कर ठरते.